दुपारच्या तोड्याची ओळ

मला ती खुर्ची हवी होती, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको, की ही बाई आडून आडून बोलत बसली.

खुर्ची काही मोठी नव्हती. चाकांची, हातावरचं रेक्झिन फाटलेलं, आणि बसलं की आपोआप खाली खाली जाणारी. आमच्या गुलाबाच्या पॅकिंग हॉलला लागून एक छोटं ऑफिस आहे, तिथं कॉम्प्युटरसमोर ती असते. कोल्ड रूममध्ये किती पेट्या आहेत, त्यातली कुठली आधी गाडीत चढवायची, कुठली नंतर, हे सगळं त्या कॉम्प्युटरवर ठरायचं. ठरवणारा प्रोग्राम मी लिहिलेला होता. खुर्चीत मात्र आमचे टेम्पोवाले भाऊ बसायचे, आणि मी हॉलमध्ये उभी राहून फुलं निवडायचे.

मी नववीत शाळा सोडलेली. नांदेड जिल्ह्यातलं, पार तेलंगणाच्या हद्दीजवळचं आमचं गाव. आठवीपर्यंत शाळा गावात, नववीला सात किलोमीटर चालत. गावातली एक मैत्रीण आणि मी, आम्ही दोघी जायचो. तिचं दिवाळीनंतर लग्न लागलं, आणि एकटी पोरगी पाठवायची नाही म्हणून माझं दप्तर फळीवर गेलं. पुढं ताई आणि भाऊजी मावळात पॉलीहाऊसच्या कामाला आले, त्यांच्यासोबत मीही आले. दोन वर्षांनी ती दोघं परत गेली. मी राहिले.

राहिले ती दादांच्या आणि वहिनींच्या जिवावर, हे खरंच आहे. दादा म्हणजे आमचे मालक. पूर्वी त्यांच्या शेतात भात व्हायचा, आता सहा पॉलीहाऊस आहेत. ताई गेली तेव्हा वहिनींनी मला हॉलच्या मागची खोली दिली, एक घोंगडी दिली, आणि पहिला महिनाभर घरातली भाजी दिली. माझ्या बोलण्यातलं 'करूलाले, येऊलाले' ऐकून हॉलमधल्या बाया हसायच्या, तेव्हा वहिनीच त्यांना रागावल्या होत्या. हे मी विसरले नाही, विसरणारही नाही. पण उपकाराचं एक असतं. ते अंगावर पांघरलेलं असताना हात बाहेर काढता येत नाही. कुणी हाक मारली की माझ्या मनात आधी येतं, आता काय चुकलं, आता जा म्हणतात की काय. अकरा वर्षं झाली, अजून येतं.

हॉलमध्ये सगळ्या बायाच. फुलाची दांडी पट्टीला लावून लांबी बघायची, वाकडी बाजूला काढायची, वीस-वीसचा बंच बांधायचा. पाहुणे आले की दादा कौतुकानं सांगायचे, "हे काम बायकांनीच करावं. बोटं हलकी असतात त्यांची." कॉम्प्युटर आला तेव्हा मला वाटलं, बोटांचंच काम आहे की हे, आता कुणाला तरी हॉलमधून बोलावतील. बोलावलं भाऊंना. भाऊ टाकव्याकडचे, आमचा टेम्पो चालवायचे. त्यांची पाठ धरली होती, टेम्पो झेपेना. दादा म्हणाले, "गडी माणूस आहे, शिकंल आठ दिवसांत."

आठ दिवसांत भाऊ एका बोटानं स्वतःचं नाव टाइप करायला शिकले. मी रोज संध्याकाळी हॉलचा आकडा कागदावर घेऊन जायचे, मोठ्यानं वाचायचे आणि ते एकेक अक्षर शोधायचे. "'के' कुटं गेला ह्यो? काल हितंच व्हता." तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तूच टाक बाई." मी त्यांच्या खांद्यावरून वाकून टाकायला लागले. ते खुर्चीत, मी वाकलेली. असं दीड वर्ष चाललं. माझीही पाठ धरायला लागली, पण ती काय कुणी विचारत नाही.

मग मी कामशेतला कॉम्प्युटरचा क्लास लावला. रविवारी दोन बॅचा होत्या. फॉर्म भरताना मी म्हटलं, मला प्रोग्रामिंग शिकायचंय. तिथले सर वाईट नव्हते, हसून समजावल्यासारखं बोलले.

"ताई, मुलींची बॅच टायपिंग आणि टॅलीची असते. ती मुलांची."

"मुलांच्यात बसले तर?"

"बसायचं काय, बसाल हो. पण त्यात लॉजिक लागतं. उगाच डोक्याला ताप कशाला? टायपिंग झालं की कुठंही रिसेप्शनला लागाल."

लॉजिक म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मान डोलावली आणि टायपिंगला बसले. घरी येऊन फोनवर मराठीत तो शब्द शोधला. असं असेल तर हे कर, तसं असेल तर ते कर. एवढंच? मला हसूच आलं. दांडी साठच्या वर आणि सरळ असेल तर या बादलीत, साठच्या वर आणि वाकडी असेल तर त्या बादलीत, कळी सैल झाली असेल तर लांबी बघूच नको, आजच्या गाडीत टाक. आम्ही बाया दिवसभर दुसरं काय करत होतो?

टायपिंगच्या बॅचनंतर मुलांची बॅच भरायची. मी फरशीवरची चप्पल शोधत, पाणी पीत, पिशवी आवरत दहा-पंधरा मिनिटं रेंगाळायचे. फळ्यावर काय आहे ते बघून घ्यायचे. बाकीचं फोनवर, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. वहिनींचाच जुना फोन होता तो. असं करत करत प्रोग्राम लिहायचं पायथन येऊ लागलं. आलं म्हणजे अडखळत आलं. एक कंस विसरला की मी घाबरून सगळंच पुसायचे आणि पहिल्यापासून लिहायचे.

आता त्या ओळीचं सांगते, कारण सगळं तिच्यावरून झालं.

आमच्याकडं फुलांचा तोडा दोनदा होतो. सकाळचा तोडा त्याच दिवशी निवडून पेटीत जातो. दुपारचा तोडा पाण्याच्या बादल्यांत उभा राहतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निवडला जातो. लेबलवर तारीख पडते ती निवडायच्या दिवसाची. म्हणजे एकाच तारखेच्या दोन पेट्या असतात, पण एकीतली फुलं आजची आणि दुसरीतली कालच्या उन्हातली. हॉलमधल्या मावशींनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

"पोरी, दुपारच्या फुलानं ऊन खाल्ल्यालं असतंय. त्येला थांबवून ठिवायचं न्हाई. पयलं त्येच गाडीत. न्हाईतर पेटीतच तोंड वासतंय, माज्यावानी." आणि आपलं दात पडलेलं तोंड उघडून दाखवलं होतं.

म्हणून दुपारच्या बंचाला आम्ही रबर दुहेरी गुंडाळतो. हे कुठंच लिहिलेलं नाही. ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं, कारण ऑफिसातलं कुणी कधी रबर बघत नाही. संध्याकाळी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मी प्रोग्राम लिहिला तेव्हा हॉलच्या आकड्यांत सकाळचे बंच वेगळे, दुपारचे वेगळे टाकले आणि एक ओळ घातली, दुपारचा असेल तर त्याच्या तारखेतून एक दिवस वजा कर. म्हणजे तो जुना धरला जाईल आणि आधी जाईल. कोल्ड रूममधले गडी यादी बघून पेट्या चढवतात, त्यांना आता डोकं चालवायचं कामच उरलं नाही.

महिन्याभरात गिऱ्हाइकांकडून खराब म्हणून फुलं परत येणं जवळजवळ थांबलं. दादा ऑफिसात आले, भाऊंच्या पाठीवर थाप मारली. "झकास बसवलंत की हो काम!"

भाऊंनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "आमी दोगांनी मिळून केलं."

आणि मला काय वाटलं असेल? मला बरं वाटलं. दोघांनी म्हणाले, माझं अर्धं तरी धरलं, म्हणून मी खोलीवर जाऊन देवापुढं साखर ठेवली. आज ते आठवलं की स्वतःचाच इतका राग येतो.

दोन सीझन असे गेले. लोणावळ्याच्या रिसॉर्टमधली लग्नं वाढली, त्यांच्या डेकोरेशनच्या ऑर्डरी वाढल्या. दादांनी पुण्याच्या एका कंपनीकडून मोठं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. जुन्या प्रोग्राममधलं सगळं बघून ते नव्यात घालणार होते. मला वाटलं, आता प्रोग्राम लिहिणाराशी बोलावंच लागेल. आता खुर्चीचं निघेल. चार दिवस मला जेवण गेलं नाही.

संक्रांतीनंतरचे दिवस होते. गाडीतून दोघं उतरले. पुढून पांढऱ्या शर्टातला एक माणूस, मागून पाठीवर बॅग लावलेली पंचविशीतली एक मुलगी. दादा तरातरा त्या माणसाकडं गेले.

"या साहेब, या! रस्ता सापडला ना? आधी नेटची रेंज बघून घेता का, ह्या कोपऱ्यात जरा—"

"सायेब, मी ड्रायव्हर हाये," तो म्हणाला. "हितल्याच कान्हे गावचा. कॉम्प्युटरचं म्याडमना इचारा. मला फकस्त गाडी सावलीत कुटं लावू ते सांगा."

हॉलच्या दारात उभ्या असलेल्या आम्ही सगळ्या फिस्सकन हसलो. दादाही हसले. "अस्सं होय! माफ करा हां मॅडम. तुमच्याकडं बघून वाटत नाही."

मॅडम हसल्या. ते हसणं मी ओळखलं. बोट काट्यात गेल्यावर समोर पाहुणे असले की आम्ही तसंच हसतो.

वहिनींनी चहा आणला. मॅडमना वाण दिलं, हळदीकुंकू लावलं आणि विचारलं, "लग्न झालंय का? घरचे एवढ्या लांब पाठवतात बरं." इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि वर नोकरीची तीन, एवढं शिकून आलेली ती मुलगी हातात तिळगूळ धरून सांगत होती, की नाही, घरचे काही म्हणत नाहीत. नेटच्या रेंजचं बोलताना दादा अजूनही मधूनमधून गाडीजवळच्या ड्रायव्हरकडंच बघत होते.

मी आकड्यांचा कागद घेऊन भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या डोक्यात काहीतरी गरगरत होतं. इतकी वर्षं मी समजत होते, की माझी नववी आडवी येते. शिकले असते तर खुर्ची मिळाली असती, यांचं काही चुकत नाही, आपलंच कमी आहे. ही तर सगळं शिकून आली होती. मग हिला काय आडवं आलं?

मॅडम कॉम्प्युटरवर बसल्या. शेजारी भाऊ. माझ्या ओळी पडद्यावर वरून खाली सरकायला लागल्या. कुणी आपली पेटी उघडून आतले कपडे बघतंय असं मला झालं. मॅडम म्हणाल्या, "बरंच नीट लिहिलंय. कोणी केलं?"

"आमीच. हितंच, ऑफिसात," भाऊ म्हणाले.

त्या आणखी खाली गेल्या आणि थांबल्या. "दुपारच्या बंचमधून हा एक दिवस वजा का केलाय?"

भाऊंनी डोकं खाजवलं. "त्ये... चुकून राह्यलं आसंल."

मॅडमनी मान वर करून खोलीत एकदा नजर फिरवली. ती माझ्यावरून गेली. हातात काट्यांनी फाटलेले मोजे, केसांत पानांचा चुरा. नजर थांबली नाही. "मग काढते हां," त्या म्हणाल्या.

मी तोंड उघडलं होतं. शपथ घेऊन सांगते, उघडलं होतं. तेवढ्यात वहिनी बाहेरून म्हणाल्या, "अगं, कप घेऊन ये गं तेवढे." आणि मी कप उचलले. चार कप होते. ते विसळून परत येईपर्यंत ओळ गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी भाऊंना सांगितलं, ती चूक नव्हती.

"आगं, शिकल्याल्या बाईनं काढलीया ती," ते म्हणाले. "तिला कळंना आन् तुला कळतंय व्हय?"

आता बघा. आदल्या दिवशी तीच शिकलेली बाई कुणाला साहेब वाटत नव्हती. माझं तोंड बंद करायला मात्र तिची डिग्री लगेच कामाला आली.

वहिनींना सांगितलं. त्या शेंगा सोलत होत्या. "तुला राहायला खोली आहे, हाताला काम आहे. पुरुषांच्या कामात कशाला शिरतेस? काही बिघडलं तर तुझ्यावर येईल, मी तुझ्या भल्याचं सांगते." त्या खरंच माझ्या भल्याचंच सांगत होत्या. त्याचाच तर त्रास होतो. वाईट माणसाला उत्तर देता येतं.

नव्या सॉफ्टवेअरला एका तारखेच्या सगळ्या पेट्या सारख्याच. मग गडी समोरची पेटी आधी काढणार. दुपारचा तोडा सकाळी पहिल्यांदा भरला जातो, म्हणजे त्या पेट्या मांडणीवर मागं सरकतात. मागच्या मागं राहून त्या साठायला लागल्या. मी दोनदा स्वतः आत जाऊन पुढं ओढल्या. तिसऱ्यांदा गड्यांनी हटकलं, "यादीत न्हाई त्ये हलवू नका."

आणि लोणावळ्याचं लग्न आलं. मोठी ऑर्डर, सगळी लाल फुलं. सकाळी साडेदहाला तिथल्या डेकोरेशनवाल्याचा फोन आला, मागोमाग फोटो. पेट्या उघडल्या तर निम्म्या फुलांनी तोंडं वासलेली, पाकळ्या खाली. वरमाला संध्याकाळी. दादा हॉलमध्ये आले ते लालबुंद होऊन.

"बायकांनो, डोळे कुठं होते तुमचे? लेबलं कुणी लावली? एवढं सॉफ्टवेअर आणलं, पण लेबल लावणारे हात तेच!"

सगळ्या खाली मान घालून नव्या पेट्या भरायला लागल्या. मीही लागले. ताजी फुलं भरून टेम्पो निघायचा होता, नेहमीचा ड्रायव्हर मुंबईला गेला होता, म्हणून कमरेला पट्टा बांधून भाऊच बसले चाकावर. फुलं बदलायला मावशी आणि मी.

शनिवार होता. लोणावळ्यात शिरायच्या आधीच गाड्या तुंबलेल्या. पुढं एका गाडीच्या छतातून दोन पोरं अर्धी बाहेर येऊन फोटो काढत होती. मावशी मधल्या सीटवर मांडीवर बादली धरून बसल्या होत्या.

"त्यांना घरात ऊन मिळत न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या. मांडीवरची बादली सावरली. मग, "मी त्या पेट्यांची रबरं बघितली, भाऊ. फोटू पाठवला हुता ना त्यानं. सगळी दुहेरी. दुपारचा तोडा मागं ऱ्हायला कसा?"

भाऊंनी उगाच हॉर्न वाजवला.

"लेबलं आमची बराबर हायेत," मावशी म्हणाल्या. "बोलणी आमी खाल्ली."

"मी लिहिलं होतं ते," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की मला वाटलं ऐकूच गेला नाही. "दुपारचा आधी जावा म्हणून ओळ होती माझी. ती काढली. मी समोर होते."

"मग बोललीस का न्हाई, मुडदे?"

कप उचलत होते म्हणून सांगू?

गाडी दोन हात पुढं सरकली. भाऊ समोर बघतच म्हणाले, "मला वाटलं चूक हाये. खरं सांगतो. मला त्यातलं कायबी कळत न्हाई."

"मग ही बसंल की तितं," मावशी म्हणाल्या. "तू ऊठ."

"उठून जाऊ कुटं? पाठ ही आशी. हॉलमदी बायांत बसून रबरं बांधू? गावात त्वांड दावता यील का? पोरीचं लगीन ठरतंय."

मावशींनी त्यांच्याकडं वळून पाहिलं. "म्हंजे आमी रोज करतो त्ये तू एक दीस केलंस तर तुजी अब्रू जाती. वा रं गड्या."

भाऊंनी गिअर टाकला. मला त्यांची कीव आली आणि कीव आली म्हणून चीड आली. एका खुर्चीवर त्यांची अब्रू अडकलेली, माझी अक्कल अडकलेली, आणि दोन्ही तिथं आम्हीच मूर्खासारखी टांगून ठेवलेली. पाच तास त्या रिसॉर्टच्या हिरवळीवर आम्ही कमानीतली फुलं उपसून नवी खोचली. वरमालेआधी झालं. डेकोरेशनवाल्यानं भाऊंचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी दादांनी ऑफिसात बोलावलं. भाऊंना आणि मला. मावशी न बोलावताच येऊन दारात उभ्या राहिल्या. मी सांगितलं. पाठ करून गेले होते तरी मधला अर्धा भाग विसरले, पण रबराचं, ओळीचं, वजा केलेल्या दिवसाचं, सगळं सांगितलं.

दादा ऐकत होते. मग म्हणाले, "तू लिहिलंस? तू?" आणि भाऊंकडं वळले. "खरं का हो?"

माझं खरं आहे की नाही हे भाऊंना विचारलं. मी तिथंच उभी होते.

"व्हय," भाऊ म्हणाले. "समदं तिनंच. पयल्यापासनं." हे त्यांचे उपकार. तेही मी धरून आहे.

दादांनी पुण्याला मॅडमना फोन लावला आणि भाऊंच्या हातात दिला. "समजावून सांगा त्यांना." भाऊ फोन कानाला लावून माझ्याकडं बघायला लागले. मी एक वाक्य सांगायचे, ते तेच पुढं म्हणायचे. "दुपारचा तोडा... हां... त्यातनं येक दिवस... वजा..." तीन वाक्यांनंतर त्यांनी फोन कानावरून काढला. "म्याडम म्हणत्यात, मागं कोण बोलतंय त्यांना द्या."

मी घेतला. मॅडमना दोन मिनिटांत समजलं. शेवटी त्या म्हणाल्या, "त्या दिवशी कागद घेऊन भिंतीपाशी उभ्या होतात त्या तुम्हीच ना? मी तुम्हाला विचारायला हवं होतं." मी म्हटलं, असू द्या. असू द्या म्हणायची सवयच आहे. मनात मात्र आलं, तुम्हीसुद्धा? ड्रायव्हरला साहेब म्हटलं तेव्हा तुम्हाला जे लागलं, तेच तासाभरात तुम्ही माझ्याशी केलंत. हे फोनवर बोलले नाही, इथं लिहिते.

संध्याकाळपर्यंत ओळ परत बसली. दादा खूश झाले. "चला, मिटलं. आता असं कर, भाऊंना हे सगळं नीट शिकवून टाक. पुन्हा अडायला नको."

ती खोली, घोंगडी, महिनाभराची भाजी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी म्हटलं, "दादा, काम मी करते. ती जागा मला द्या."

दादा मनापासून हसले. "अगं, हॉलमध्ये तुझ्यासारखे हात मला कुठं मिळणार? तुझी बोटं सोन्याची आहेत."

"हे बोटांचं काम नाही ना दादा," मी म्हटलं. हातातले मोजे टेबलावर ठेवले. मग म्हटलं, "मी शिकवणार नाही."

अकरा वर्षांत त्या घराला मी पहिल्यांदा नाही म्हटलं होतं. दादांचं हसू अर्ध्यावर राहिलं. "बघू, सीझन झाल्यावर," म्हणाले आणि उठून गेले. वहिनी आठ दिवस बोलल्या नाहीत. त्या आठ दिवसांत मी दोनदा पिशवी भरली आणि दोनदा रिकामी केली.

सीझन होऊन गेला. मी विचारलं, बघू म्हणाले. परत विचारलं, परत बघू. हजेरीत मी अजून ग्रेडरच, म्हणजे फुलं निवडणारीच आहे. कामशेतच्या क्लासच्या दारावर आता मुलींच्या बॅचची नवी पाटी लागलीय, वर फूल काढलंय, आत तेच टायपिंग. कधीकधी वाटतं, जोरात ओरडावं. पण ओरडून झाल्यावर पुन्हा त्याच खोलीत झोपायचं असतं.

फक्त एक बदललं. वाकून टाइप करणं मी बंद केलं. मागच्या आठवड्यात यादी अडकली. भाऊंनी हाक मारली, मी गेले आणि बाजूला उभी राहिले.

"बग की."

"उठा, मग बघते."

ते पाठ धरत उठले. मी बसले. काम वीस मिनिटांचं होतं. ते झाल्यावर मी दुसऱ्या दिवशीची यादी काढली, मग परवाची. भाऊ दारात उभे राहिले, थोड्या वेळानं पेट्या मोजायला निघून गेले. दादा आले, मला खुर्चीत बघितलं, काहीतरी म्हणणार होते. मी पडद्याकडं बघत राहिले आणि उठले नाही.